उपासनी सरांचं बीळ

उंदरांबद्दल नाशिकमध्ये कुणालाही काही विचारायचं असलं, की लोक डॉ. उपासनींकडे बोट दाखवत. वर्तमानपत्रात उंदरांवर चार ओळी छापून यायच्या असल्या तर त्यांच्याच, रेडिओवर शेतकऱ्यांसाठी भाषण असलं तर त्यांचंच. मी त्यांच्या हाताखाली अकरा पावसाळे काढले आणि शपथेवर सांगते, त्या माणसापेक्षा आमच्या कँटीनच्या मांजरीला उंदरांची जास्त माहिती होती. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग केव्हाच विझला. उरलाय तो तिटकारा, आणि तो मी नीट सांभाळून ठेवलाय.

आमच्या कॉलेजात ते जीवशास्त्राचे विभागप्रमुख होते. मी वनस्पतिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे मुलांना पानांचे काप करून दाखवायचे आणि संध्याकाळी सूक्ष्मदर्शकांवर कापडं घालायची. सरांची पीएच.डी. उंदरांच्या दातांवर होती. ते उंदीर त्यांच्याकडे मुंबईत बरणीतूनच आले होते, मेलेले, फॉर्मलिनमध्ये फुगलेले, आणि सरांचा उंदरांशी जो काही संबंध आला तो एवढाच. जिवंत उंदीर दिसला की ते खिशातला कोलनचं अत्तर शिंपडलेला रुमाल नाकाला लावत आणि रंगनाथला हाक मारत. रंगनाथ म्हणजे विभागाचा शिपाई. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

अंगानं सुकडे, सफारी नेहमी कडक इस्त्रीची, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. त्या बुटांना रोज सकाळी खडू फासलेला असे. हातात एक वेताची काठी, तिच्यावर लाल रंगानं इंचांच्या खुणा केलेल्या. बिळांची खोली मोजण्यासाठी म्हणून ती करवून घेतली होती. ती कधी बिळात गेलेली मी पाहिली नाही. ती फळ्यावर टेकायची, नाहीतर माणसांकडे रोखायची. कुणी काही विचारलं की उत्तर यायला तीन सेकंद लागत. ‘माहीत नाही’ हे शब्द त्या तोंडातून कधी बाहेर पडले नाहीत. आणि उत्तराच्या शेवटी ठरलेलं एक वाक्य: “त्यात बघायचंय काय? ते असंच असतं.”

मला ते आडनावानंच हाक मारत. “अहिरे, तुम्ही आकडे काढा, विचार मी करतो,” असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. मी नाशिकरोडच्या बौद्ध वस्तीतली, हे त्यांना ठाऊक होतं. पण सर स्वतःला पुढारलेले समजत, त्यामुळे माझा कप वेगळा वगैरे ठेवण्याचा मागासपणा त्यांनी केला नाही. फक्त चहा मी केलेला असला की नेमकं तेव्हाच त्यांचं पित्त उसळायचं. रंगनाथच्या हातचा चहा मात्र त्यांना दिवसातून चार वेळा पचायचा.

वर्गाच्या खिडकीबाहेर एक पांगारा होता. शिशिर सरता सरता पानं झडून तो लालभडक फुलायचा आणि खारी दिवसभर त्यावर बागडायच्या. एकदा एका मुलीनं उठून विचारलं, सर, खार फुलांमध्ये तोंड का घालते? सरांनी खिडकीकडे पाठ ठेवूनच सांगितलं की खार दाणे खाते, सालं कुरतडते. फुलांशी तिचा संबंध नाही. ते असंच असतं. त्याच वेळी त्यांच्या खांद्यामागे, हातभर अंतरावर, एक खार फुलात गळ्यापर्यंत शिरली होती. बाहेर आली तेव्हा तिच्या मिशांना पराग लागलेले होते. तशीच ती पुढच्या फुलात गेली. सगळा वर्ग बघत होता. मुलं हसायला लागली तसे सर वळले, त्यांनी खारीकडे पाहिलं आणि मला म्हणाले, खिडकी लावून घ्या, मुलांचं लक्ष उडतंय. मी खिडकी लावली. त्या परीक्षेत खारीवर प्रश्न आला आणि मुलांनी दाणे आणि सालं लिहिली.

बिळाची त्यांची एक आकृती होती. ती ते दरवर्षी फळ्यावर काढत, डोळे मिटूनही काढता आली असती. अ म्हणजे दार, तिथून सरळ बोळ, उजवीकडे ब म्हणजे शयनकक्ष, डावीकडे क म्हणजे कोठार, टोकाला ड म्हणजे संकटकाळी पळून जायचं दार. सगळे कोपरे काटकोनात. हाऊसिंग बोर्डाच्या घरासारखं ते बीळ होतं, फक्त नळाचं कनेक्शन तेवढं नव्हतं. मग एका वर्षी त्यांच्या मनानं घेतलं की विभागाच्या संग्रहालयात खऱ्या बिळाचा साचा हवा. तेव्हा कॉलेजच्या मागे अजून बाजरीची शेतं होती. आता तिथं बंगले आहेत. रंगनाथनं आणि मी एक बीळ शोधलं, प्लास्टर ऑफ पॅरिस कालवून आत ओतलं, सुकू दिलं आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडची माती खणून ते बाहेर काढलं.

ते आल्याच्या गड्ड्यासारखं दिसत होतं. बोळ तीनदा वळला होता. एका जागी बाजरीच्या मुळांना वळसा घालून खाली गेला होता, आणि फुगवटे दोन नव्हे, पाच होते. मला ते फार आवडलं. बाजरीची मुळं जिथं दाट तिथं बीळ वाकलेलं, जिथं विरळ तिथं सरळ, असं काहीतरी त्यात वाचता येईल असं मला वाटत होतं. सरांनी भोवती एक फेरी मारली, काठीनं दोनदा टोचलं आणि म्हणाले, “हे चुकलंय.”

उंदराचं चुकलं होतं. रंगनाथनं लोखंड कापायची करवत आणली, मी साचा घट्ट धरून ठेवला, आणि आकृतीत न बसणारं सगळं आम्ही कापून काढलं. उरलेले तुकडे डिंक आणि प्लास्टरनं काटकोनात जोडले. कापलेले तुकडे रंगनाथनं केरात भरले, मी माझ्या चांगल्या अक्षरात अ, ब, क, ड लिहिलं, आणि तो प्रकार तळमजल्यावरच्या संग्रहालयात काचेच्या कपाटात बसला. मुलं त्याला ‘उपासनी सरांचं बीळ’ म्हणत. पुढे कित्येक वर्षं मुलांनी तेच पाहून आकृत्या काढल्या आणि त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले.

इथवर हसण्यावारी नेता येईल. प्रत्येक कॉलेजात असा एक नमुना असतोच. पण आणीबाणी उठली त्या साली सरांना भात आणि उंदीर अशा एका योजनेचं काम मिळालं, जीप मिळाली, आणि त्यांचं अज्ञान कॉलेजच्या कंपाउंडाबाहेर पडलं.

इगतपुरीच्या पलीकडे, घाटाच्या तोंडाशी एक वाडी होती. खाली दोन वर्षांपूर्वी धरणाचं पाणी अडलं होतं आणि खालचं शिवार बुडालं होतं. माणसं सरकून वर आली तशी जनावरंही आली. उंदीर, घुशी, ससे, त्यांच्यामागे मुंगसं, रानमांजरं. वाडीच्या भातखाचरांच्या बांधांवर निरगुडी होती, करवंदाच्या जाळ्या होत्या, घाणेरी होती. लग्नघरात पाहुणे दाटीवाटीनं झोपतात तसं सगळं त्या बांधांत शिरलेलं होतं. मी पहिल्या फेरीत बांधावरच्या झाडांची यादी केली. सर जीपमध्ये बसून भिजवलेले बदाम खात होते.

त्यांच्या योजनेची कलमं दोन. एक, मधल्या पाच खाचरांत नवं हळवं भात लावायचं. हळवं म्हणजे लवकर येणारं, वाडीचं नेहमीचं गरवं भात त्याच्या महिनाभर मागून पिकायचं. दुसरं, सगळे बांध खरडून स्वच्छ करायचे, म्हणजे उंदराला लपायला जागा राहणार नाही.

त्या पाच खाचरांतलं सगळ्यात खालचं पारूबाईचं. विधवा बाई, पन्नाशीची असेल, उंच, हाडापेरानं मजबूत, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. तिच्या खाचरात गुडघाभर पाणी तुंबायचं आणि तिथं दुसरं कुठलं भात उभं राहत नसे, कुजायचं. उभं राहायचं ते एकच, काळ्या टरफलाचं, तिच्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं. ते वाडीत दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, कारण दुसऱ्या कुणाचं खाचर तसं नव्हतं. त्याचं बी ती झोडत नसे. लोंब्यांची जुडी बांधून चुलीच्या वर टांगायची, धुरात, आणि जुडीत निरगुडीचा पाला खोचायची.

वाडीची एक रीत होती. राब भाजून, म्हणजे पालापाचोळा जाळून रोपांची जमीन तयार झाली, की गावचा भगत दिवस सांगायचा आणि सगळी वाडी त्या दोनचार दिवसांत पेरून मोकळी व्हायची. कुणी आधी नाही, कुणी मागून नाही. सरांनी हे ऐकलं आणि ते मनापासून हसले. भगताच्या मुहूर्तावर शेती, म्हणाले. पारूबाई हसली नाही. ती जीपपाशी आली आणि म्हणाली, “सायेब, जे आधी पिकंल त्याच्यावर समदा डोंगर उतरंल. समद्यांचं एकदम पिकलं का उंदीर खाऊन खाऊन किती खाईल, समद्यांचं थोडं थोडं जातं. एकट्याचं पिकलं का त्याचं समदं जातं. आन् बांध खरडले तर जाळीतलं मुंगूस कुठं जाईल? रानमांजर कुठं जाईल? उंदीर जमिनीत हाय, त्याला जाळी नसली तरी चालतंय.”

एवढी मोठी गोष्ट एवढ्या थोड्या शब्दांत मी कॉलेजात कधी ऐकली नव्हती. सर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “अहिरे, लिहून घ्या. अंधश्रद्धा, नमुनेदार.” मी लिहून घेतलं.

वाडीचा पाटील सरकारी माणसाला नाही म्हणणारा नव्हता, त्यामुळे पाच खाचरं ठरली. दोन म्हाताऱ्या भावांनी मात्र आपले बांध खरडू दिले नाहीत. ते कोयते घेऊन बांधावर बसून राहिले. सरांनी त्यांची नावं निष्काळजी शेतकरी म्हणून टिपून ठेवायला लावली. मग जुन्या वाणांचे नमुने गोळा करायची वेळ आली. मूठभर पुरे असते. पण सरांना संग्रहालयात अख्खी जुडी हवी होती, प्रेक्षणीय दिसते म्हणून. नवं बी दरवर्षी योजनेतून मिळणारच आहे, तर हे घेऊन काय करणार, असं त्यांनी पारूबाईला जीपमध्ये बसल्या बसल्या समजावलं. तिनं जुडी खाली काढली, पण हातातून सोडली नाही. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

“बाई, परत मिळंल ना?”

“मी आहे ना,” मी म्हटलं.

जुडीला मी चिठ्ठी बांधली: नमुना क्रमांक सात. संग्रहालयात ती गोणपाटात गुंडाळून कपाटाच्या खालच्या खणात गेली, नेमकी सरांच्या बिळाखाली, कारण वर मांडायला काचेचं झाकण यायचं होतं. ते शेवटपर्यंत आलं नाही.

दसऱ्याच्या सुमारास हळवं भात पिकलं आणि डोंगर उतरला. पारूबाईच्या खाचरातलं तर आधीच पाण्यात कुजलं होतं; मी गेले तेव्हा बाकीच्या चार खाचरांत नुसती धसकटं उभी होती, कात्रीनं तिरपी छाटावीत तशी. लोंबी औषधालाही नव्हती. आजूबाजूला वाडीचं गरवं अजून हिरवंगार. त्या चार खाचरांवर उंदीर धष्टपुष्ट झाले, त्यांची पिल्लं झाली, आणि दिवाळी सरल्यावर गरवं पिकलं तेव्हा सगळं कुटुंब तिकडे वळलं. इतकं नुकसान वाडीनं कधी पाहिलं नव्हतं. मी खाचर न् खाचर फिरून आकडे काढले. सगळ्यात कमी कुठं गेलं होतं? त्या दोन भावांच्या जाळीलगत. तिथं मी स्वतः मुंगूस पाहिलं, भरदुपारी, तोंडात घुशीचं पिल्लू घेऊन निरगुडीत शिरताना.

तक्ता करून मी सरांपुढे ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी शोधल्यासारखं वाटत होतं. सरांनी तो तीन सेकंद पाहिला. योगायोग, म्हणाले. मग पेन काढून त्यांनी माझे आकडे तसेच ठेवले आणि वरचे मथळे बदलले. बांध खरडलेले आणि न खरडलेले असे जे दोन रकाने मी केले होते, त्यांची अदलाबदल झाली. खाली त्यांनी लिहिलं, अपयशाचं कारण शेतकऱ्यांचं असहकार्य. मग काठीचं टोक कागदाच्या कोपऱ्यावर ठेवलं. तिथं ‘आकडे तपासले’ असं छापलेलं होतं. माझी नोकरी तात्पुरती होती, दर जूनमध्ये नवं पत्र मिळायचं आणि ते पत्र सरांच्या सहीनं निघायचं. मी सही केली. मला त्यांची किळस आली, पण सही केली.

शिमगा झाला आणि पारूबाई कॉलेजात आली. पहाटे निघून, रेल्वेनं नाशिकरोड, तिथून बसनं. राब भाजायचे दिवस जवळ आले होते. योजना गुंडाळली होती, नवं बी येणार नव्हतं, आणि आलं असतं तरी तिच्या खाचरात कुजलंच असतं. तिनं दसऱ्यापासून दुसऱ्यांच्या शेतावर राबून पोट भरलं होतं. ते तिनं सांगितलं नाही, रंगनाथनं तिला चहा देता देता विचारून काढलं. मला ती एवढंच म्हणाली, जुडी न्यायला आले.

आम्ही तळमजल्यावर गेलो. मी खण उघडला. गोणपाट होतं, त्याला मुठीएवढं भोक होतं, आणि आत माझी चिठ्ठी होती. निरगुडीचा चुरा होता. बाकी काही नव्हतं. मी तिथंच खाली बसले. पारूबाईनं खणाचं मागचं फळकूट कुरतडलेलं पाहिलं, मग कपाटाच्या पायाशी साठलेली बारीक मोकळी माती चिमटीत घेतली आणि बोटांनी चोळली.

“घूस हाय,” ती म्हणाली. “फरशी उचला.”

तेवढ्यात सर आले. त्यांना प्रकार सांगितला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर लाज दिसेल अशी मला वेडी आशा होती. त्यांना काळजी होती ती काचेच्या कपाटाची. घूस इमारतीत साठा करत नाही, म्हणाले, मिळेल ते खाते आणि मोकळी होते. त्यात बघायचंय काय? पण रंगनाथ एव्हाना पहार घेऊन आला होता आणि मागे हटेना, तेव्हा सरांनी काठी उचलली. उचलायचीच असेल तर शास्त्रशुद्ध उचला, म्हणाले. कपाटातल्या साच्याकडे पाहून त्यांनी दिशा ठरवली: हे दार, हा बोळ, डावीकडे कोठार. काठीनं त्यांनी दाखवलेल्या तीन शहाबादी फरश्या रंगनाथनं उचलल्या. खाली मुरूम होता, कोरा.

पारूबाई मागे उकिडवी बसून बघत होती. मग ती तशीच बसल्या बसल्या सरकत भिंतीपर्यंत गेली, एकेका फरशीवर बोटाच्या पेरानं वाजवत. भिंतीच्या कोपऱ्यात, सरांनी दाखवलेल्या जागेच्या बरोबर उलट्या बाजूला, ती थांबली. बाहेरच्या पांगाऱ्याचं मूळ तिथून पायाखालून आत आलं होतं आणि फरशी किंचित उचललेली होती. रंगनाथनं ती काढली. मुळाच्या कडेनं एक भोक खाली गेलं होतं. पारूबाई पालथी झोपली, गाल जमिनीला लावला, आणि हात आत घातला. कोपरापर्यंत गेला, दंडापर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला. सर दाराशी रुमाल नाकाला लावून उभे होते. ती डोळे मिटून आत चाचपत होती.

हात बाहेर आला तेव्हा मुठीत लोंब्या होत्या. काळ्या, मातीनं भरलेल्या, पण अख्ख्या. तिनं त्या नाकाशी धरल्या.

“माझं हाय,” ती म्हणाली. “धूर लागलाय माझ्या चुलीचा.”

सात-आठ वेळा तिचा हात आत गेला. सगळं नाही मिळालं, पण सूपभर मिळालं. एक लहान वाफा पेरला जाईल, त्यातून दोन वर्षांत खाचराचं बी उभं राहील, असा तिनं तिथंच हिशेब मांडला. सरांनी रुमालाआडून सांगितलं की आधी वजन घ्या आणि निम्मं नमुना म्हणून ठेवून घ्या. रंगनाथनं खांद्यावरचा पंचा काढला, लोंब्या त्यात बांधल्या, गाठोडं पारूबाईच्या हातात दिलं आणि तिला बसस्टँडवर पोचवायला स्वतः निघून गेला. त्यानं साहेबांची परवानगी घेतली नाही. सगळ्या विभागात ताठ कण्याचा माणूस तेवढा एक होता, आणि तो हजेरीपटात सगळ्यात खाली होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी गवंडी बोलावून त्या बिळात सिमेंट ओतून घेतलं. ना मोजमाप, ना चित्र. नाशिकमधलं एक खरं बीळ त्यांच्या पायाखाली, त्यांच्या खोट्या बिळापासून पाच हातांवर होतं, आणि उंदरांच्या त्या तज्ज्ञाला त्यात डोकावावंसंही वाटलं नाही. योजनेच्या अहवालात त्यांनी लिहिलं: नमुना क्र. ७, उंदरांकडून नष्ट.

दोन दिवाळ्यांनंतर पारूबाई पुन्हा आली. फडक्यात मूठभर काळं भात बांधून आणलं होतं. खाचर भरलं, म्हणाली. हे तुमच्या काचेत ठेवा, पर फरशी पक्की करा. मी ते बरणीत घातलं, चिठ्ठी लिहून चिकटवली आणि कपाटात साच्याच्या शेजारी ठेवलं. सरांचं लक्ष गेलं नाही. त्यानंतर थोड्याच वर्षांनी ते हारतुरे घेऊन निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी निरीक्षणाचं महत्त्व सांगितलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कॉलेजच्या एका समारंभात, ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी तोवर कायम झाले होते, विभागाच्या चाव्या माझ्याकडे होत्या. रंगनाथ गावी परतला होता. सर फार वाळले होते. काठी तीच, पण आता तिच्यावर खरंच भार टाकून चालत होते आणि लाल खुणा पुसून गेल्या होत्या. बुटांना खडू नव्हता. ते म्हणाले, जरा खाली जाऊ. मी त्यांना संग्रहालयात नेलं.

साच्यासमोर ते उभे राहिले. मला वाटलं आता काठी उचलून अ, ब, क, ड म्हणतील. पण ते हलकेच म्हणाले, “अहिरे, हे मूळचं कसं होतं हो?”

इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि मला ते येईना. तीन वळणं आठवत होती. कुठली, कुठं, ते नाही. कापताना मी साचा धरला होता, पण तुकडे केरात गेले तेव्हा मी मान वळवून पाहिलंही नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग भिंतीच्या कोपऱ्याकडे बघून विचारलं, आणि ते फरशीखालचं?

माझा आवाज चढला. मी म्हटलं, त्यात तुम्ही सिमेंट ओतलंत. ते कसं होतं हे एकाच माणसाला ठाऊक आहे. पारूबाईला विचारा, तिचा हात आत गेला होता.

“कोण पारूबाई?” ते म्हणाले.

खरं सांगते, मला बरं वाटलं. इतकी वर्षं ज्या तिटकाऱ्याला मी सांभाळलं होतं, त्याला एवढा मोठा पुरावा मिळाला. बाईचं बी नेलं, पीक घालवलं, आणि हा माणूस विचारतो कोण. मी नुसतं कपाटातल्या त्या बरणीकडे बोट केलं.

ते वाकले. चष्मा कपाळावर सरकवला, काचेला नाक टेकलं, आणि चिठ्ठी एकेक शब्द लावत मोठ्यानं वाचली: “काळे भात, गरवे. तालुका इगतपुरी.” मग त्यांनी मान तिरकी करून बरणीच्या दुसऱ्या बाजूला काही लिहिलंय का ते पाहिलं. तिथं काही नव्हतं.

“यावर तर नाव नाही,” ते म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा ते बघून काहीतरी बोलले होते, आणि ते बरोबर होतं. चिठ्ठीवरचं अक्षर माझं होतं.